महाराष्ट्रातील माळरानांवरील हिवाळी पक्षीनिरीक्षण

महाराष्ट्रातील माळरानांवरील हिवाळी पक्षीनिरीक्षण म्हणजे दख्खनच्या पठारावरील गवताळ प्रदेशांत साधारणपणे ऑक्टोबर ते मार्च या काळात केले जाणारे पक्ष्यांचे निरीक्षण व नोंदणी होय. या काळात मध्य आशिया, युरोप आणि हिमालयापलीकडील गवताळ मैदानांतून आलेले स्थलांतरित पक्षी आणि माळरानावर वर्षभर राहणारे स्थानिक पक्षी एकत्र आढळतात. भोवत्या, चंडोल, तीरचिमणी, भारीट, रानचिमणी, गप्पीदास, रणगोजा, पखुर्डी, धाविक आणि खाटीक हे या निरीक्षणातील प्रमुख पक्षी आहेत. पुणे, सोलापूर, सातारा, सांगली आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या जिल्ह्यांचा पर्जन्यछायेतील भाग त्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे.

अधिवास

सह्याद्रीच्या पूर्वेला पावसाचे प्रमाण झपाट्याने घटते. घाटमाथ्यावर काही हजार मिलिमीटर पाऊस पडत असताना बारामती, इंदापूर, कर्जत, सोलापूर या पट्ट्यात वार्षिक पाऊस साधारण ५०० ते ७०० मिलिमीटरच्या आसपास राहतो. काळ्या बेसॉल्ट खडकावर मुरमाड मातीचा पातळ थर आणि त्यावर गुडघाभर किंवा त्याहून कमी उंचीचे गवत, मधूनमधून बाभूळ, हिवर आणि बोरीची झुडपे, असे या माळाचे सर्वसाधारण स्वरूप असते. मारवेल, पवना आणि कुसळी ही येथील परिचित गवते होत. पावसाळा संपताना गवत बियांवर येते, ऑक्टोबरनंतर ते पिवळे पडते आणि डिसेंबरपर्यंत त्यातील बरेचसे बी जमिनीवर सांडलेले असते. बिया खाणाऱ्या लहान पक्ष्यांचे थवे त्याच सुमारास माळावर का दिसू लागतात, याचे उत्तर या सांडलेल्या बियाण्यात आहे. टोळ व नाकतोडेही पावसाळ्याच्या अखेरीस भरपूर असतात आणि भोवत्यासारखे शिकारी पक्षी त्यांच्या मागे येतात.

माळरान आणि शेती यांच्यातील सीमा पक्ष्यांच्या दृष्टीने स्पष्ट नसते. रब्बी ज्वारी, हरभरा आणि करडईची शेते, पडीक ठेवलेली रानें आणि कुरणे एकमेकांत मिसळलेली असतात व बहुतेक पक्षी या सर्वांचा वापर करतात. काही पक्षी दिवसा शेतात चरतात आणि रात्री गवतात उतरतात. त्यामुळे केवळ राखीव क्षेत्रात केलेली नोंदणी अपुरी ठरते.

भोवत्या

हिवाळी माळरानाची ओळख ज्या पक्ष्याने होते तो भोवत्या होय. लांब पंख, लांब शेपटी, पंख किंचित वर उचलून उथळ ‘व्ही’ आकारात धरण्याची सवय आणि गवताच्या टोकांवरून जेमतेम दोन-तीन मीटर उंचीवर संथपणे तरंगत जाणे, यांवरून तो दुरूनही ओळखू येतो. त्याच्या चेहऱ्यावरील पिसांची मांडणी घुबडाच्या चेहऱ्यासारखी तबकडीच्या आकाराची असते. तिच्यामुळे गवतात दडलेल्या उंदराची किंवा कीटकाची हालचाल त्याला ऐकून टिपता येते.

महाराष्ट्राच्या माळरानावर मुख्यतः दोन जाती दिसतात: पांढुरका भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या. प्रौढ नर ओळखणे सोपे असते. पांढुरक्या भोवत्याचा नर फिकट राखाडी, खालून जवळजवळ पांढरा असतो आणि त्याच्या पंखांच्या टोकाशी काळ्या रंगाची अरुंद पाचर असते. माँटेग्यूचा नर अधिक गडद राखाडी असून त्याच्या पंखाच्या वरच्या बाजूस एक काळी पट्टी आडवी जाते आणि पोटाच्या कडांवर तांबूस रेघा असतात. माद्या आणि अल्पवयीन पक्षी मात्र दोन्ही जातींत तपकिरी असतात व दोहोंच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असतो. या पक्ष्यांच्या बाबतीत अनुभवी निरीक्षकही अनेकदा जात निश्चित न करता केवळ ‘भोवत्या’ अशी नोंद करतात आणि तीच पद्धत योग्य आहे. अल्पवयीन पांढुरक्या भोवत्याच्या मानेभोवतीची फिकट कॉलर आणि तिच्यामागचा गडद पट्टा चांगल्या प्रकाशात दिसल्यास ओळख पटू शकते. तिसरी जात, दलदली भोवत्या, आकाराने मोठी आणि रंगाने गडद असते. ती पाणथळ जागांच्या आसपास अधिक आढळते, पण उजनीसारख्या जलाशयाजवळच्या माळांवरही येते.

भोवत्या झाडावर नव्हे, तर जमिनीवर, उंच गवतात रात्र काढतो आणि अनेक पक्षी एकाच ठिकाणी जमतात. सूर्यास्तापूर्वी सुमारे तासभर ते एकेक करून चहूबाजूंनी येऊ लागतात, काही काळ घिरट्या घालतात आणि अंधार पडता पडता गवतात उतरतात. गुजरातमधील भावनगर जिल्ह्यातील वेळावदर येथे १९९० च्या दशकात एका रातथाऱ्यावर हजारांहून अधिक भोवत्या मोजले गेले होते. जगातील सर्वांत मोठ्या ज्ञात रातथाऱ्यांत त्याची गणना होते. महाराष्ट्रातील रातथारे त्या मानाने लहान असतात, परंतु त्यांचे महत्त्व मोजणीसाठी फार मोठे आहे: दिवसभर शेकडो चौरस किलोमीटरमध्ये विखुरलेले पक्षी तेथे एका नजरेत मोजता येतात. उपग्रहाद्वारे माग काढण्याच्या अभ्यासांतून भारतात हिवाळा घालवणारे माँटेग्यूचे भोवत्या कझाकस्तानच्या गवताळ मैदानांत वीण करतात, असे दिसून आले आहे. म्हणजे दख्खनच्या माळावरील पक्ष्याचे भवितव्य दोन खंडांच्या मध्यातील गवताशीही जोडलेले असते.

चंडोल व तीरचिमण्या

नवख्या निरीक्षकाला माळरानावरील लहान तपकिरी पक्षी सर्व सारखेच वाटतात. यांतील बहुतेक पक्षी चंडोल किंवा तीरचिमणी या दोन गटांचे असतात. तीरचिमणी सडपातळ, लांब पायांची, बारीक चोचीची असते आणि चालताना शेपटी खालीवर हलवते. चंडोल त्यामानाने भरदार, जाड चोचीचा आणि बिया खाणारा असतो. प्रथम हा फरक डोळ्यांत बसवावा, जातीकडे नंतर वळावे.

डोंबारी चंडोल हा बहुधा सर्वांत सहज दिसणारा चंडोल आहे. नराचे डोके वरून राखाडी, तर डोळ्यांवरील पट्टा व पोट काळे असते. मादी मात्र इतकी चिमणीसारखी दिसते की नर जवळ नसल्यास फसगत होण्याची शक्यता असते. नर हवेत उंच चढतो, शीळ घालत टप्प्याटप्प्याने खाली कोसळतो आणि पुन्हा चढतो. या कसरतीमुळेच त्याला ‘डोंबारी’ हे नाव पडले असावे. मुरमाड उघड्या जागी, अनेकदा थेट गाडीवाटेवर, तो धूळस्नान करताना दिसतो.

दख्खनचा खास पक्षी म्हणजे साईक्सचा चंडोल. त्याचे शास्त्रीय नाव गॅलेरिडा देवा. डोक्यावर छोटा टोकदार तुरा, तांबूस छटेचे अंग आणि छातीवर मोजक्याच रेघा, ही त्याची लक्षणे होत. सह्याद्रीच्या बाजूला आढळणारा मलबारी चंडोल त्याच्याशी मिळताजुळता असला तरी त्याच्या छातीवरील रेघा दाट व ठळक असतात. पुण्याच्या आसपास दोन्ही जाती दिसू शकत असल्याने तेथील नोंदींत गल्लत होते. साईक्सचा चंडोल इतर पक्ष्यांच्या आवाजांची उत्तम नक्कल करतो.

आखूडबोटी चंडोल हा खरा हिवाळी पाहुणा आहे. त्याचे थवे मोठे असतात आणि पेरणी न झालेल्या रानात ते अक्षरशः मातीत विरून जातात. एखादा भोवत्या वरून गेला की शेकडो पक्षी एकाच वेळी उठतात, वळण घेतात आणि थोड्या अंतरावर पुन्हा जमिनीत लुप्त होतात.

तीरचिमण्यांपैकी धान तीरचिमणी वर्षभर आढळते. हिवाळ्यात तिच्या जोडीला फिकट वाळूरंगाची, छातीवर जवळजवळ रेघा नसलेली स्थलांतरित तीरचिमणी येते. खडकाळ उतारांवर लांब चोचीची स्थानिक तीरचिमणी शोधावी. या गटात आवाज हे ओळखीचे सर्वांत भरवशाचे साधन आहे आणि उडताना घातलेली हाक ऐकणे दुर्बिणीइतकेच उपयुक्त ठरते.

चिमण्या आणि भारीट

घरचिमणी माळरानाचा पक्षी म्हणून सहसा विचारात घेतली जात नाही. परंतु हिवाळ्यात गावालगतच्या खळ्यांवर आणि ज्वारीच्या रानांत तिचे मोठे थवे जमतात. शहरांतील तिची घट सर्वपरिचित आहे. नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस म्हणून पाळला जातो. २०२० च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या अहवालात मात्र देशपातळीवर घरचिमणीची संख्या साधारण स्थिर असल्याचे व मोठ्या शहरांत ती घटल्याचे नोंदवले गेले. चिमणीच्या वाट्याला आलेली सहानुभूती चंडोल आणि भोवत्यांच्या वाट्याला आली नाही, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

रानचिमणी किंवा पीतकंठी चिमणी ही तिची जवळची नातेवाईक. नराच्या गळ्यावर लहानसा पिवळा ठिपका आणि खांद्यावर तांबूस डाग असतो. ती झाडांच्या ढोलीत घरटे करते, पण हिवाळ्यात तिचे थवे कापणी झालेल्या रानात बिया टिपताना दिसतात. भारतीय पक्षिशास्त्राच्या इतिहासात या पक्ष्याला विशेष स्थान आहे. बालपणी सलीम अली यांनी छऱ्याच्या बंदुकीने मारलेली चिमणी पिवळ्या गळ्याची निघाली. तिची ओळख पटवण्यासाठी ते मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तेथील मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्यांना संस्थेचा पक्षिसंग्रह दाखवला. पुढे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सलीम अलींच्या आत्मचरित्राचे शीर्षक याच चिमणीवरून आले आहे.

भारीट चिमणीएवढेच, पण अधिक सडपातळ असतात. काळ्या डोक्याचा भारीट पूर्व भूमध्य प्रदेश व इराणकडून, तर लाल डोक्याचा भारीट मध्य आशियातून येतो. हिवाळ्याच्या सुरुवातीस नराच्या डोक्याचा रंग पिसांच्या फिकट कडांखाली झाकलेला असतो. कडा झिजत जातात तसा तो उठून दिसतो आणि मार्चमध्ये परतीच्या सुमारास नर सर्वांत देखणे दिसतात. दोन्ही जातींच्या माद्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखणे फार अवघड असते. सोलापूर जिल्ह्यात, विशेषतः मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीच्या पट्ट्यात, शाळू दाणे भरू लागला की भारीट आणि भोरड्यांचे थवे शेतांवर उतरतात. हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे राखण्याची पद्धत याच पक्ष्यांमुळे आहे. भोरडी मात्र केवळ धान्य खात नाही. तिच्या वीणक्षेत्रात ती टोळांवर जगते आणि दख्खनमध्येही कीटक मोठ्या प्रमाणावर खाते. भोरडी जुलै-ऑगस्टपासूनच येऊ लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती पळस, पांगारा आणि काटेसावरीच्या फुलांवर दिसते, म्हणून तिला पळसमैना असेही म्हणतात.

इतर पक्षी

झुडपाच्या टोकावर किंवा कुंपणाच्या तारेवर बसणाऱ्यांत गप्पीदास, रणखाटीक, लांब शेपटीचा खाटीक आणि नीलपंख हे नेहमीचे. रणगोजा जमिनीवरील दगड पसंत करतो व त्याची काळी शेपटी उडताना लगेच लक्षात येते. हवेत एका जागी पंख फडफडवत स्थिर राहणारा लहान शिकारी पक्षी बहुधा खरुची किंवा कापशी घार असते: पहिला तांबूस, दुसरी पांढरी-राखाडी. लग्गड आणि तुरमती हे ससाणे कमी दिसतात. आखूडकानी घुबड दिवसा गवताच्या बुंध्याशी बसून राहते आणि बहुतेक वेळा पायाशी उठल्यावरच दिसते.

धाविक हा माळरानाचा सर्वांत रेखीव पक्षी म्हणावा लागेल. काटक लांब पाय, नारिंगी छाती, डोळ्यावर काळी-पांढरी रेघ आणि थोडे पळून एकदम थांबण्याची सवय, अशी त्याची ओळख आहे. पखुर्डी पाहायची असल्यास पाणवठा गाठावा. सकाळी ऊन थोडे वर आल्यावर तिचे छोटे थवे ठरावीक पाण्यावर येतात. पिलांच्या काळात नर पोटाची पिसे पाण्यात भिजवून त्यांच्यासाठी पाणी नेतो.

माळढोक आणि तणमोर

माळरानाचे दोन सर्वांत प्रसिद्ध पक्षी हिवाळी निरीक्षणात आता जवळजवळ दिसत नाहीत. तणमोराची वीण पावसाळ्यात होते आणि विदर्भातील अकोला-वाशीम भागातून त्याच्या नोंदी आहेत. माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. सोलापूरजवळचे नान्नज हा त्याचा सर्वपरिचित भाग. एवढ्या मोठ्या क्षेत्रात गावे, शेते आणि खासगी जमिनी आल्या, जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि पक्ष्याविषयीच स्थानिकांत रोष निर्माण झाला. पुढे अभयारण्याची सीमा घटवून ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरचे करण्यात आले. कागदावरील विस्ताराने पक्षी वाचला नाही. आज देशभरातील माळढोकांची संख्या दीडशेहून कमी मानली जाते, त्यातील बहुतेक राजस्थानात आहेत आणि नान्नज परिसरात त्याचे दर्शन अत्यंत दुर्मीळ झाले आहे. माळढोकाला समोरचे क्षेत्र नीट दिसत नाही. त्यात त्याचे वजन मोठे असल्याने ऐनवेळी वळणेही त्याला जमत नाही, आणि विजेच्या तारांना धडकून त्याचे मृत्यू होतात. या तारांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राजस्थान व गुजरातसाठी आदेश दिला होता, जो २०२४ मध्ये बदलण्यात आला.

प्रमुख ठिकाणे

पुणे जिल्ह्यात बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य (१९९७, सुमारे ५ चौरस किलोमीटर) चिंकारासाठी ओळखले जाते. ते आकाराने लहान असले तरी चंडोल आणि धाविकांसाठी भरवशाचे आहे. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीची माळराने भोवत्या, लांडगा आणि कोल्ह्यासाठी प्रसिद्ध आहेत. कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे वन विभागाने गवताळ प्रदेश सफारी सुरू केली असून तेथे पूर्वनोंदणी करून जावे लागते. भिगवणला रोहित पाहण्यासाठी येणारे अनेक जण एक सकाळ या माळांसाठी ठेवतात. सासवड-जेजुरी-मोरगाव पट्टा पुण्याहून अर्ध्या दिवसात करता येतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील रेहेकुरी काळवीट अभयारण्य (१९८०, सुमारे २ चौरस किलोमीटर) आणि सोलापूर जिल्ह्यात नान्नज ही इतर महत्त्वाची ठिकाणे आहेत. मराठवाडा व विदर्भातील माळांवर निरीक्षक तुलनेने कमी जातात.

निरीक्षणाची पद्धत

सूर्योदयापासून साडेनऊ-दहा वाजेपर्यंतचा आणि दुपारी चारनंतरचा काळ सर्वोत्तम असतो. ऊन तापल्यावर जमिनीलगतची हवा थरथरू लागते आणि दुर्बिणीतून लहान पक्ष्यांचे तपशील दिसेनासे होतात. मात्र गरुड व तीसा यांसारखे घिरट्या घालणारे पक्षी गरम हवेच्या प्रवाहांवर याच वेळी वर चढतात. सूर्य पाठीशी ठेवून चालावे. पाठीमागून येणाऱ्या उन्हात तपकिरी छटांतील फरक कळतो, समोरून येणाऱ्या उन्हात सर्व पक्षी काळे दिसतात. ८×४२ क्षमतेची दुर्बीण पुरेशी असून रातथाऱ्यावरील मोजणीसाठी तिपाईवरील टेलिस्कोप उपयोगी पडतो.

माळावर आडोसा नसल्याने उभा माणूस दुरूनच दिसतो. म्हणून रस्त्यावर थांबवलेली गाडी हा उत्तम आडोसा ठरतो. मात्र गाडी वाटेवरून गवतात उतरवू नये. धाविक, टिटवी आणि चंडोल उघड्या जमिनीवर अंडी घालतात. त्यांतील काहींची वीण हिवाळ्याच्या उत्तरार्धातच सुरू होते आणि अंडी खड्यांसारखी दिसत असल्याने चाकाखाली येईपर्यंत कळत नाहीत. भोवत्यांच्या रातथाऱ्यापासून किमान दोनशे मीटर दूर थांबावे व पक्षी उतरल्यानंतर गवतात शिरू नये. मुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणे टाळावे. कुसळे कपड्यांत घुसत असल्याने जाड कापडाची विजार व उंच बूट वापरावेत. फुरसे आणि घोणस यांच्या दृष्टीनेही ते आवश्यक आहे. खासगी रानात शिरण्यापूर्वी मालकाला विचारावे. शेतकरी आणि मेंढपाळ यांच्याकडून पक्ष्यांच्या जागांविषयी मिळणारी माहिती बहुधा अचूक असते.

नोंदीत तारीख, वेळ, ठिकाण, चाललेले अंतर आणि प्रत्येक जातीची संख्या असावी. केवळ दुर्मीळ पक्ष्यांची यादी तुलनेसाठी निरुपयोगी असते. ई-बर्डसारख्या संकेतस्थळावर अशा संपूर्ण याद्या भरता येतात. दर फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या जागतिक मोजणीत महाराष्ट्रातील निरीक्षकही भाग घेतात.

अभ्यासाचा इतिहास

दख्खनच्या पक्ष्यांचा पहिला पद्धतशीर अभ्यास विल्यम हेन्री साईक्स (१७९०–१८७२) या लष्करी अधिकाऱ्याने केला. मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्याला दख्खनची सांख्यिकीय माहिती गोळा करण्यास नेमले होते. त्या कामाच्या निमित्ताने फिरताना त्याने जमवलेल्या पक्ष्यांची सूची लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या वृत्तांतात १८३२ मध्ये प्रसिद्ध झाली. साईक्सचा चंडोल आणि झुडपी लावा यांची शास्त्रीय वर्णने तीत आहेत. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (स्थापना १८८३) हे अभ्यासाचे केंद्र बनले.

मराठी नावांच्या संकलनात मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षीकोश’ महत्त्वाचा आहे. एकाच पक्ष्याला पुणे, सोलापूर आणि विदर्भात वेगवेगळी नावे असतात, तर ‘चंडोल’सारखे एक नाव अनेक जातींना लावले जाते. या लेखातील ‘आखूडबोटी चंडोल’सारखी काही नावे केवळ वर्णनात्मक आहेत.

अधिवासाची स्थिती

माळरानांपुढील मुख्य अडचण वर्गीकरणाची आहे. महसुली नोंदींत आणि केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात गवताळ प्रदेशांचा मोठा भाग ‘पडीक’ या सदरात मोडतो. पडीक जमीन सुधारायची असते, या समजुतीने तेथे वृक्षारोपण, औद्योगिक वसाहती, सौर व पवनऊर्जा प्रकल्प आणि सिंचनाखालील शेती येते. गवताच्या जागी गिरिपुष्पासारखी झाडे लावणे हे हरितीकरण मानले जात असले तरी उघड्या जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांसाठी तो अधिवासाचा नाशच असतो. झाडांवर बसणारे शिकारी पक्षी आणि कावळेही तेथे वाढतात.

चराईचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. अतिचराईने जमीन उघडी पडते. चराई पूर्ण बंद केल्यास गवत दाट व उंच वाढते आणि धाविक, डोंबारी चंडोल यांसारखे पक्षी ती जागा सोडतात. भोवत्यांच्या रातथाऱ्यांना मात्र उंच गवतच लागते. एकाच माळावर दोन्ही प्रकारची जागा राहणे आवश्यक असते व धनगरांची फिरती चराई काही अंशी ते साधत आली आहे. हिवाळ्याच्या अखेरीस लागणारे वा लावले जाणारे वणवे आणि शेतांतील कीटकनाशकांमुळे घटणारे टोळ-नाकतोडे ही आणखी दोन कारणे होत.

२०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ अहवालात गवताळ व इतर खुल्या प्रदेशांतील पक्ष्यांत लक्षणीय घट नोंदवली गेली. एके काळी रस्त्याकडेच्या तारांवर सर्रास दिसणाऱ्या नीलपंखाच्या जागतिक संवर्धनस्थितीचे पुनर्मूल्यांकन व्हावे, अशी शिफारस त्यात आहे. पांढुरका भोवत्या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ‘संकटसमीप’ वर्गात, तर माळढोक आणि तणमोर ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात आहेत. महाराष्ट्रातील बहुतांश माळराने संरक्षित क्षेत्रांच्या बाहेर असल्याने तेथील भोवत्या आणि चंडोलांच्या संख्येविषयीची माहिती आजही मुख्यतः हौशी निरीक्षकांच्या हिवाळी नोंदींतूनच मिळते.